नव्या शिडाचे माप

आमच्या अंगणातील कडुनिंबाखाली एक नाव पालथी पडलेली असे. डोणगावहून आमच्या गावाकडे येणारा रस्ता घरावरूनच जात असल्याने बैलगाडीतून जाणारा प्रत्येक नवखा माणूस तिच्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारत असे, आणि गाडीवान त्याला आमच्या वडिलांची हकीकत सांगत पुढे जात असे. ही हकीकत कडुनिंबापासून पुढच्या वळणापर्यंत पुरेल एवढीच होती. बाबा नौदलात खलाशी होते. दोर गुंडाळण्याच्या चरकात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे चिरडली आणि त्यांना घरी परतावे लागले. परतताना त्यांनी जुन्या सामानाच्या लिलावात प्रशिक्षणाची एक म्हातारी लाकडी नाव घेतली, आणि खामगावहून मुंबईला रुईच्या गाठी पोचवून रिकामा परतणाऱ्या एका ट्रकवर घालून ती आणली. नाव चौदा फूट लांब होती. तिच्याबरोबर एक डोलकाठी, डोलकाठीच्या पायथ्याशी जोडायची एक आडवी काठी, सुकाणू, एक वल्हे आणि दोन सुती शिडे होती. त्यांपैकी एक मोठे आणि एक नाळेकडचे, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकाकडचे छोटे, दोन्ही तिकोनी.

गावाखाली धरणाचा तलाव होता. पहिले दोन हिवाळे बाबांनी नाव तिथे चालवली. लोक काठावर बसून पाहत, आणि वल्हे न मारता ती चालते हे पाहून काही जण पाण्याखाली इंजिन आहे का म्हणून वाकून बघत. मग एका फाल्गुनात वाऱ्याच्या एका झोताने मोठे शीड मधोमध उसवले. कापडच इतके विरले होते की सुईचा टाका धरेना. बाबांनी नाव बैलगाडीवर घालून घरी आणली, पालथी केली, आणि त्यानंतर ते तिच्याविषयी बोलेनासे झाले. खरे म्हणजे ते एकंदरीतच कमी बोलू लागले. ओसरीवर बसून डाव्या हाताने एकाच दोराला गाठी मारायच्या आणि सोडायच्या, हा त्यांचा दिवसाचा उद्योग झाला. नावेखाली कोंबड्यांनी संसार मांडला. रोज सकाळी पोटावर झोपून, आत हात घालून अंडी काढणे हे माझे काम होते. त्या अंधाऱ्या पोकळीतला जुन्या डांबराचा, लाकडाचा आणि पिसांचा मिसळलेला वास मला आजही नेमका आठवतो.

आमचे घर आवाजांचे होते. शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा सकाळभर फटफट करी. तिचा आवाज थांबला की माय म्हणे, "बारा वाजले व, भाकरी टाक." घड्याळ होते, पण ती गिरणीवर अधिक विश्वास ठेवी. उन्हाळ्यात तलावाचे पाणी मागे हटले की उघड्या पडलेल्या गाळात माय टरबुजे, काकड्या आणि वांगी लावी. तिथून ती परतली की तिच्या ओच्यातून आधी मिरच्या निघत, मग वांगी, आणि सर्वांत शेवटी माझ्यासाठी राखलेली कोवळी काकडी. ज्वारीची भाकर, तव्यावर खरडलेला ठेचा आणि वांग्याची भाजी हे जेवण मी त्यानंतर अनेक घरांत जेवले आहे, पण ठेचा खरडताना तव्यावर वाटीची कड घासण्याचा तो विशिष्ट कर्कश सूर दुसऱ्या कोणाच्या हाताला साधलेला ऐकला नाही.

नावेचा प्रश्न उभा केला तो श्रावणमामांनी. हे मायचे धाकटे भाऊ. त्यांचे शेत तलावाच्या पलीकडच्या काठाला होते. पाणी जसजसे मागे सरके तसतसे त्यांना पाणी उपसायचे डिझेल इंजिन चार माणसे लावून पुढे ओढावे लागे. एके दिवशी त्यांनी पालथ्या नावेवर थाप मारून पाहिली.

"दाजी, हा डोंगा मले द्या ना. याच्यात इंजिन बसवतो. पाणी जाईन तिकडं डोंगा जाईन, इंजिन त्याच्यासंगं जाईन. मधातली ती पेटी तेवढी कापून टाका लागन."

मधातली पेटी म्हणजे नावेच्या तळातल्या चिरेवर बसवलेला उभा खोका, ज्यातून एक फळी पाण्यात सोडता येते. ती फळी नसेल तर शिडाची नाव वाऱ्याबरोबर वाहत जाऊ शकते, पण वाऱ्याकडे परत येऊ शकत नाही. पेटी कापली की नाव कायमची संपली.  बाबांनी हातातली गाठ सोडून पुन्हा मारली. माय मात्र बोलली. तिचे म्हणणे सरळ होते: वस्तू एक तर वापरात असावी, नाही तर ज्याला वापरायची आहे त्याच्याकडे जावी.

"बुद्ध पौर्णिमेपर्यंत वाट पाह्य," ती भावाला म्हणाली. "तोवर हा डोंगा वल्हं न मारता तुह्या काठाले लागून परत आला, तर तो आमचा. नाही आला तर गाडी जुंपून घेऊन जाय."

"ताई, शीडच नाही त्याले. हवा काय पदरात धरान?"

"ते त्याईचं ते पाह्यतीन," माय म्हणाली आणि तिने बाबांकडे पाहिले. ती नाव द्यायला निघाली आहे असे तेव्हा मला वाटले, आणि मी दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाही. बाबांना ओसरीवरून उठवण्याचा तिला सापडलेला हा एकच उपाय होता, हे मला फार उशिरा कळले.

बाबा उठले. मुंबईत करीमभाई नावाचे शिडे शिवणारे एक म्हातारे कारागीर त्यांच्या ओळखीचे होते. बाबांचा उजवा हात लिहू शकत नसल्याने नव्या शिडांविषयी त्यांना पत्र मीच लिहिले. उत्तर आठ दिवसांत आले. करीमभाईंनी हिंदीत, मोठमोठ्या अक्षरांत कळवले होते की सुती कापड आता विसरा, टेरिलीन घ्या. ते कुजत नाही, आटत नाही, ताणले जात नाही. जुनी शिडे नमुन्याला पाठवा, आणि सोबत प्रत्येक कडेचे माप कागदावर लिहून पाठवा. त्या पत्रातले पुढचे वाक्य मला पाठ आहे: "कागज और कपड़ा आपस में मिलेंगे तभी कैंची चलाऊँगा, नहीं मिले तो पूछूँगा." पुढे मी शिक्षिका झाले तेव्हा पडताळ्याची याहून स्वच्छ व्याख्या मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळली नाही.

बाबांना त्याच आठवड्यात हाताच्या तपासणीसाठी तीन दिवस अकोल्याला जायचे होते. निघताना त्यांनी मला सांगितले, "सुमे, दोन्ही शिडांची मापं घे. दोन-दोनदा मोज. पार्सल शिवून ठेव, मी आलो का टाकून देऊ."

मी तेव्हा नववीत होते. माझ्याकडे कंपासपेटी होती, वर्गातला पहिला क्रमांक होता आणि दोन्हींचा मला सारखाच अभिमान होता. त्या संध्याकाळी मी अंगण झाडून मोठे शीड अंथरले, उसवलेला भाग नीट जुळवून टाचला, मायचा शिवणाचा फीता घेतला आणि एकेक कड मोजून वहीत लिहिली, मग छोट्या शिडाचीही. मोठ्या शिडाची डोलकाठीला लागणारी कड पंधरा फूट भरली. कापड मळलेले होते, कोंबड्यांच्या खुणा त्यावर होत्या, घड्या मोडल्या होत्या. अंधार पडायच्या आत माझे काम झाले, आणि शिडे तशीच घडी घालून मी ओसरीच्या कोपऱ्यात ठेवले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून परतले तर अंगणात विहारातली जेवणावळीची मोठी डेग चुलाणावर होती, आणि तिच्यात सोड्याच्या उकळत्या पाण्यात दोन्ही शिडे होती. माय मोगरीने ती ढोसत होती. घामाने तिचा चेहरा चकाकत होता.

"हे काऊन व माय?"

"काऊन म्हणजे? दुसऱ्याच्या हातात जाणार हाय ना ते? असं मळकं पाठवू?"

येथे मला थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण हे समजल्याशिवाय पुढचे समजणार नाही. माझ्या आजीच्या, म्हणजे मायच्या आईच्या, तरुणपणी बाजारातला शिंपी आमच्या वस्तीतले कापड हाताने उचलत नसे. तो ते काठीच्या टोकाने उचलून टोपलीत टाकी, आणि माप अंगाला फीता न लावता लांबून, नजरेने घेई. त्यामुळे आजीचे प्रत्येक पोलके ढगळ तरी होई किंवा काखेत काचे तरी. माय त्या शिंप्याच्या दुकानाबाहेर आईचा पदर धरून उभी राहिलेली होती. दिवस बदलले, दुकानातला माणूस बदलला, काठी गेली, तरी आमच्या घरातून दुसऱ्याच्या हाती जाणारे कापड, मग ते शिवायला जाणारे असो वा नुसते उसने घेतलेले परत करायचे असो, माय उकळून, धुऊन, उन्हात कडक वाळवूनच देई. तिने हे कधी नियम म्हणून सांगितले नाही. तिने ते केवळ कधी चुकवले नाही. मुंबईचा एक अनोळखी कारागीर आमच्या घरचे कापड हातात घेणार होता. त्याने ते नाकापाशी नेले तरी चालले पाहिजे, असे तिला वाटत होते.

तिसऱ्या दिवशी शिडे वाळून इतकी पांढरी आणि ताठ झाली होती की जणू नवीच. मी दुसरे माप घेतले, कारण दोनदा मोजायचे होते. डोलकाठीची कड चौदा फुटांच्याही किंचित आत आली. सुमारे दीड वीत कमी. खालची कडही कमी भरली, मागची तर त्याहून कमी. मी वहीतल्या आकड्यांकडे बघत बराच वेळ उकिडवी बसून राहिले. दोन मापे जुळत नव्हती, म्हणजे एक चुकीचे असणार. कोणते? पहिले मी मळक्या, चुरगळलेल्या, टाचलेल्या कापडावर संध्याकाळच्या उजेडात घेतले होते. दुसरे स्वच्छ, सपाट कापडावर भर दुपारी. माझा तर्क मला निर्दोष वाटला. मी पट्टी लावून पहिल्या आकड्यांवर सरळ रेघ मारली, दुसरे आकडे सुंदर अक्षरात कागदावर उतरवले, शिडांच्या घडीत तो कागद ठेवला आणि पार्सल शिवून टाकले. उकळलेले सुती कापड आटते हे वऱ्हाडातल्या कापसाच्या गावात वाढलेल्या मुलीला ठाऊक नव्हते असे नाही; दरवर्षी शाळेचा नवा परकर शिवण्याआधी माय कापड भिजवूनच ठेवी. पण ते नव्या कापडाचे ज्ञान होते. इतके जुने, शेकडो वेळा भिजलेले शीड अजून आटेल हे माझ्या डोक्यात आले नाही. वर्षानुवर्षे वाऱ्याने ओढून ताणलेला प्रत्येक धागा त्या डेगेत एकदम सैल होऊन मागे सरकला होता.

बाबा परतले. त्यांनी शिवलेले पार्सल हातात तोलून पाहिले आणि विचारले, "दोनदा मोजलंस ना?"

"हो, दोनदा," मी म्हणाले.

माझे उत्तर शब्दशः खरे होते. पुढे अनेक वर्षे मुलांच्या प्रयोगवह्या तपासताना खोडलेला आकडा दिसला की मी त्या मुलाला जवळ बोलावून, तो आकडा का खोडला हे शांतपणे विचारत असे. मुलांना वाटे की बाईंना खाडाखोड आवडत नाही.

नवी शिडे आली तेव्हा बुद्ध पौर्णिमा चार दिवसांवर होती. डोणगावच्या पोस्टातून बाबांनी गठ्ठा डोक्यावरून आणला. वाटेत भेटलेले श्रावणमामाही सोबत आले. अंगणात गठ्ठा उघडला तेव्हा कापडाचा आवाज झाला, कोऱ्या कागदासारखा, करकरीत. असे पांढरे कापड आमच्या अंगणात कधी आले नव्हते. मायने हात धुऊन, पुसून, मगच त्याला बोट लावले. बाबांनी एक टोक पायाच्या अंगठ्याखाली धरले आणि दोन्ही हात पसरून कड मोजू लागले. विहिरीची खोली मोजतात तसे वावांनी, म्हणजे पसरलेल्या दोन हातांच्या अंतराने. अडीच वाव भरायला हवे होते. ते दोन वाव मोजून अर्ध्यावर आले, आणि त्यांच्या हातातले कापड छातीपाशी पोचण्याआधीच संपले. त्यांनी पुन्हा मोजले, आणि वहीतला खोडलेला आकडा व उकळती डेग यांचा मेळ मला तेव्हा लागला. मग ते कापड हळूच खाली ठेवून ओसरीच्या पायरीवर बसले.

"कमी हाय," ते म्हणाले. "लय कमी हाय."

"घ्या!" मामा म्हणाले. "मी म्हणत होतो ना! मारलं त्यानं कापड. शिंपी सगळीकडचा सारखाच. तुमचा तो मुंबईवाला त्याच्यातून नातवाची चड्डी शिवून मोकळा झाला असंन."

"करीमभाई तसा माणूस नाही."

"मंग कापड काय रस्त्यानं रांगत गेलं? पोट्टीनं दोनदा मोजून पाठवलं. हुशार पोट्टी हाय ती. तिचं चुकलं, का त्याचं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या नजरेत शंका नव्हती. तीच गोष्ट मला सहन झाली नाही. थोड्या वेळाने त्यांनी मला कागद आणायला सांगितला. करीमभाईंना पत्र लिहायचे होते. मी पाटावर कागद ठेवून बसले आणि ते एकेक शब्द तोलत सांगू लागले. माझ्या मुलीने घेतलेल्या मापाप्रमाणे शिडे आलेली नाहीत. इतक्या वर्षांच्या ओळखीत आपल्याकडून असे होईल असे वाटले नव्हते.

पहिले वाक्य मी लिहिले. दुसऱ्याच्या मध्यावर माझी लेखणी थांबली. माझ्याच अक्षरात, मी कधी न पाहिलेल्या एका म्हाताऱ्यावर आळ लिहिला जात होता, आणि तो पोस्टात पडला की मला परत घेता येणार नव्हता. पण खरे सांगायचे तर डेगेची गोष्ट निघणार होती, आणि ती मामांसमोर निघणार होती. मी मायकडे पाहिले. ती शिडाची कड दोन बोटांत धरून तिचा टाका बघत होती.

मी उठले, वही आणली आणि बाबांसमोर उघडून ठेवली. "त्याईनं नाही चोरलं. माप मीच चुकीचं पाठवलं. हे पहिलं माप होतं, पंधरा फूट. हे मी खोडलं."

"काऊन खोडलं?"

"दुसरं कमी आलं. मले वाटलं पहिलंच चुकलं असंन."

"दुसरं कमी काऊन आलं?"

मी वहीवरची नजर उचलली नाही.  मायच्या बोटांतून शिडाची कड सुटली, आणि तीच म्हणाली, "मधात मी उकळलं होतं ते. सोडा घालून. मळलं होतं." तिचा आवाज एकदम लहान झाला. "मुंबईचा माणूस काय म्हणीन, वाटलं."

 मामा, ज्यांच्या जिभेला एरवी विश्रांती नसे, ते खाली बघू लागले. त्या शिंप्याच्या दुकानाबाहेर आपल्या ताईच्या कडेवर बसून तेही होते.

बाबांनी वही जवळ घेतली. खोडलेले आकडे आणि न खोडलेले आकडे ते बोट फिरवत वाचत राहिले. मग त्यांच्या नाकातून एक आवाज निघाला. मला वाटले ते रडत आहेत. पण ते हसत होते, कितीतरी महिन्यांनी. "नेव्हीत आम्ही शिडाले शिव्या घालत, ओढून-ओढून मोठं केलं," ते म्हणाले, "आन् हिनं एका दुपारात धुऊन परत पोरगं करून टाकलं. सुती असतं तर दोन पावसाळ्यांत ताणून पुन्हा मापात आलं असतं. हे टेरिलीन. हे आता जन्मभर एवढंच राहीन." ते उठले. "सुमे, तो कागद फाड. नवा घे. लिही, करीमभाई, शिडं पोचली, शिवण लाखात एक हाय. आन् कापड फार स्वच्छ होतं, असं त्याईनं आपल्याले कळवावं, म्हणून लिही."

करीमभाईंनी पुढे खरोखरच तसे कळवले. ते पत्र मायने धान्याच्या कोठीवरच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले होते.

पुढचे तीन दिवस बाबांनी मला जे शिकवले ते मी कोणत्याही शाळेत शिकले नाही. शीड लहान आहे म्हणजे ते निरुपयोगी आहे असे नाही, हे त्यांनी पहिल्यांदा सांगितले. जोराच्या वाऱ्यात खलाशी मोठे शीड मुद्दाम गुंडाळून लहान करतात, आणि वैशाखात आमच्या तलावावर जोराचाच वारा असे. खरी अडचण वेगळी होती. मागची कड जास्त आटल्याने नव्या शिडातही ती आखूड आली होती, त्यामुळे आडव्या काठीचे टोक आकाशाकडे उचलले जाई आणि शीड पोट धरेना. बाबांनी डोलकाठीच्या बुडाशी बाभळीची पाचर ठोकून ती काठीच किंचित मागे कलती केली. टोक खाली आले. छोट्या शिडाला नुसता हातभर दोर जोडला. नाव वाऱ्याच्या तोंडावर कशी चालते हे मी विचारले तेव्हा त्यांनी टरबुजाची ओली बी दोन बोटांत दाबली. ती सुळकन पुढे उडाली. "एक बोट म्हणजे हवा," ते म्हणाले, "दुसरं म्हणजे पाण्यातली फळी. दोघांच्या मधात आपण."

पौर्णिमेच्या सकाळी विहारात वंदना झाली, खीर वाटली गेली, आणि निम्मे गाव तलावाकडे आले. नाव मामांच्याच गाडीवरून उतरवली. पाण्यात घातल्यावर तिच्या फटींतून थोडे पाणी आले, तासाभराने लाकूड फुगले आणि ते थांबले. वारा मावळतीकडून जोरात वाहत होता. बाबा सुकाणूला बसले, शिडाचा दोर माझ्या हातात दिला, आणि नावेकडे बघत म्हणाले, "आपण दोघं हलके पडतो. हवेच्या बाजूनं वजन पाह्यजे, नाही तर उलटन."

ते मायकडे पाहत होते. माय कधी नावेत बसली नव्हती.

"माह्यं वजन काढून राह्यले काय सगळ्यांसमोर?" ती म्हणाली. कोणीतरी हसले. तिने लुगड्याचा काष्टा घट्ट केला, चपला काठावर जोडीने ठेवल्या आणि आत येऊन बाबांनी दाखवलेल्या जागी बसली. "मी धुतलं, तं बसाचंही मीच."

जाताना काही करावे लागले नाही. वारा पाठीशी होता, शीड भरले आणि नाव पाणी कापत पलीकडे गेली. मायने दोन्ही हातांनी काठ धरला होता आणि डोळे मिटले होते. मामांच्या शेताखालच्या गाळाला नाळ लागली. आम्ही ती वळवली. आता वारा तोंडावर होता. बाबांनी फळी खाली सोडली, मी दोर ओढला, आणि नाव एका कुशीवर कलली.

"मागं सरक! अखीन!" बाबा ओरडले. माय पाठीमागे रेलली. तिचा पदर पाण्याला टेकला, आणि कललेली नाव तिच्या वजनाने सावरून धावू लागली.

आम्ही सरळ घराकडे येत नव्हतो. एकदा डावीकडे तिरपे, मग वळून उजवीकडे तिरपे, असे जिना चढल्यासारखे येत होतो. काठावरून मामांचा आवाज आला, "दाजी, ती वाकडी काऊन चालून राह्यली? इकडं या, इकडं!"  प्रत्येक वळणाला आडवी काठी आमच्या डोक्यावरून दुसऱ्या बाजूला जाई, आणि माय वाकून, घसटत, बाजू बदली. तिसऱ्या वळणापासून तिचे डोळे उघडे होते. पाचव्या वळणाला बाबांनी सांगायच्या आतच ती सरकली.

काठ वीस-पंचवीस वावांवर आला तेव्हा वारा पडला. शीड लोंबले. नाव जागच्या जागी, आणि मग अगदी हळू, मागे सरकू लागली. काठावर बसलेले लोक उभे राहिले. आमच्या पायांशी वल्हे पडलेले होते. एवढे अंतर त्याने थोड्याच फटक्यांत कापता आले असते.

"मारा वल्हं!" कोणीतरी ओरडले. "कोण पाह्यते एवढ्याले!"

मी बाबांकडे पाहिले. बाबा पाण्याकडे पाहत होते. मायने वाकून ते वल्हे उचलले, आडवे केले, स्वतःच्या खाली घेतले आणि त्यावर मांडी घालून बसली.

आम्ही वाट पाहिली. किती वेळ, ते मी सांगू शकत नाही. तेव्हा माझ्याकडे मोजायला काही नव्हते. मग मावळतीकडच्या पाण्यावर बारीक सुरकुत्यांचा एक काळपट पट्टा उठला आणि आमच्याकडे येऊ लागला. "दोर सैल सोड," बाबा हळूच म्हणाले, "आता घे... घे..." शीड एकदा फडफडले आणि भरले. हातातला दोर जिवंत झाल्यासारखा ताणला. आणखी एक तिरपी चाल, आणखी एक वळण, आणि गाळात नाळ रुतल्याचा खर्र असा आवाज आला.

मामा गुडघाभर पाण्यात उतरून आले आणि त्यांनी नावेचा काठ धरला. त्यांनी शिडाकडे पाहिले, डोलकाठीच्या शेंड्याशी उरलेल्या उघड्या लाकडाकडे पाहिले, आणि घसा खाकरला.

"दाजी," ते म्हणाले, "डोणगावले तेलाचे रिकामे ड्रम भेटतात काय हो? चार बांधले तं इंजिन तरंगन ना त्याच्यावर?"

"सहा लागतीन," बाबा म्हणाले. "उद्या जाऊ दोघं."

माय अजून वल्ह्यावरच बसलेली होती.